ऑस्ट्रियाचे डोंगर कधी आणि कसे पाहावेत?

डोंगरवाट (धागाकर्ता)

युरोपच्या सहलींच्या बहुतेक कार्यक्रमपत्रिकांमध्ये ऑस्ट्रियाच्या वाट्याला जेमतेम एक मुक्काम येतो. स्वित्झर्लंडहून इटलीकडे जाताना बस इन्सब्रुकला थांबते, जुन्या शहरातल्या सोनेरी छपरासमोर छायाचित्रे काढली जातात, जवळच्या वाटेन्स गावातले स्वारोव्स्कीचे स्फटिकदालन पाहून खरेदी उरकली जाते आणि दुसऱ्या दिवशी मंडळी ब्रेनर खिंड ओलांडून पुढे जातात. ज्या देशाचा साठ टक्क्यांहून अधिक भूभाग आल्प्सने व्यापलेला आहे, त्याची ओळख एवढ्यावर आटोपावी याचे मला मनापासून वाईट वाटते. ओळखीच्या लोकांकडून या देशाविषयी अनेकदा विचारणा होते आणि प्रश्न बहुधा ‘तिथे काय काय पाहावे’ असा असतो. त्याच्या आधी ‘कधी जावे’ हा प्रश्न विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तो विचारला न गेल्यामुळे भरपूर पैसे खर्चून आखलेल्या सहलीही फसतात, म्हणून हा धागा.

आपल्याकडे सहकुटुंब प्रवास होतो तो उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत. आल्प्सच्या दृष्टीने हे दोन्ही काळ अडनिडे आहेत. बर्फावरच्या खेळांचा हंगाम ईस्टरच्या सुमारास संपतो आणि डोंगर चढण्याचा हंगाम मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये सुरू होतो. मधल्या आठवड्यांत अनेक रोपवे देखभालीसाठी बंद असतात, वरच्या पायवाटा बर्फाखाली असतात आणि डोंगराळ गावांतल्या बऱ्याच हॉटेलांना कुलूप असते, कारण हंगामभर राबलेले मालक आणि कामगार त्याच काळात स्वतःची सुट्टी घेतात. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तीच स्थिती येते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या खोऱ्यात उतरून समोरचे शिखर दिसते आहे आणि वर जाण्याचे साधन मात्र बंद आहे, असा अनुभव घेऊन परतलेली अनेक कुटुंबे मला माहीत आहेत.

या वेळापत्रकामागे पर्यटनापेक्षा कितीतरी जुनी व्यवस्था आहे. गुरे जूनमध्ये वरच्या कुरणांत नेली जातात आणि सप्टेंबरमध्ये फुलापानांनी सजवून, गळ्यात मोठाल्या घंटा बांधून खाली आणली जातात. ऋतूनुसार गुरे हाकत नेण्याच्या या प्रथेचा ऑस्ट्रिया, इटली आणि ग्रीस यांनी मिळून मांडलेला प्रस्ताव युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्वीकारला. कुरणांतल्या लाकडी घरांत दूधदुभते सांभाळणारी माणसे वर असतात तेव्हाच वाटसरूला तिथे बसायला बाक आणि खायला भाकरतुकडा मिळतो. म्हणून ज्यांना शाळेच्या सुट्टीचे बंधन नाही त्यांनी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ निवडावा. त्यातही सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सर्वांत चांगला वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस वारंवार येतो आणि गर्दीही फार असते. सप्टेंबरमध्ये हवा तुलनेने स्थिरावते आणि कुरणांतली वर्दळ अजून संपलेली नसते.

दुसरी बाब मुक्कामाची. रोज नवे गाव गाठण्याचा कार्यक्रम डोंगरात उपयोगाचा नाही, कारण तिथे दिवसाचा बेत आकाश ठरवते. ऑस्ट्रियाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर रोज सकाळी देशभरातल्या शिखरांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांची थेट दृश्ये दाखवली जातात. चहाचा कप हातात घेऊन ती दृश्ये पाहावीत, शिखर मोकळे असेल तर वरचे तिकीट काढावे आणि ढगात असेल तर तळ्याकाठी किंवा गावात दिवस घालवावा. ही मोकळीक एका जागी सलग काही रात्री राहणाऱ्यालाच मिळते. ज्याला ठरल्या दिवशी ठरल्या शिखरावर जायचेच आहे, तो पुष्कळदा मोठे भाडे भरून वर जातो आणि दाट धुक्यात उभा राहून परततो.

उदाहरण म्हणून साल्झबुर्ग राज्यातले झेल-आम-झे घेऊ. गाव तळ्याकाठी आहे आणि रेल्वेस्थानक गावातच आहे. शेजारच्या कापरुनहून रोपवेच्या टप्प्यांनी किट्झश्टाइनहॉर्नच्या ३,०२९ मीटर उंचीवरच्या सज्जावर पोहोचता येते. सुमारे ३८० मीटर उंचीवरून तीन टप्प्यांत कोसळणारा क्रिम्लचा धबधबा एका दिवसात पाहून परत येता येते. आणि त्याच कापरुनच्या वरच्या अंगाला जे दोन जलाशय आहेत, त्यांच्याकडे आपल्या लोकांचे फारसे लक्ष जात नाही, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

वासरफालबोडेन आणि मोझरबोडेन अशी त्यांची नावे. आधी बस, मग कड्याच्या अंगाने तिरकी चढत जाणारी उघडी लिफ्ट, मग पुन्हा बस, असे करत माणूस सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या धरणाच्या भिंतीवर येऊन उभा राहतो. एका बाजूला हिमनद्यांचे हिरवट पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. हे काम नाझी राजवटीत सुरू झाले तेव्हा त्यावर सक्तीने आणलेले मजूर आणि युद्धकैदी राबवले गेले आणि त्यांतले अनेक तिथेच मेले. युद्धानंतर मार्शल योजनेच्या, म्हणजे युरोपच्या पुनर्उभारणीसाठी अमेरिकेने दिलेल्या मदतीच्या, पैशातून ते पुन्हा हाती घेतले गेले आणि १९५५ मध्ये पूर्ण झाले. परकीय सैन्ये देशातून बाहेर पडली तेही हेच वर्ष असल्यामुळे ऑस्ट्रियन लोकांच्या मनात या धरणांना स्वतंत्र राष्ट्राच्या उभारणीचे प्रतीक म्हणून स्थान आहे, आणि मजुरांचा इतिहास त्या अभिमानासोबतच वाचायला हवा. आजही देशातल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज पाण्यापासून होते. कोयनेचे खोरे जवळून पाहिलेल्या आपल्या वाचकांनी हे ठिकाण अवश्य पाहावे.

याच मुक्कामावरून ग्रोसग्लॉकनरचा उंच घाटरस्ता गाठता येतो. फ्रान्झ वालाक या अभियंत्याने आखलेला हा ४८ किलोमीटरचा रस्ता १९३५ मध्ये खुला झाला. त्यावर ३६ मोठी वळणे आहेत, पथकर भरावा लागतो आणि हिवाळ्यात तो पूर्ण बंद असतो. रस्त्याच्या एका फाट्याच्या टोकाला, २,३६९ मीटरवर, समोर ३,७९८ मीटर उंचीचा ग्रोसग्लॉकनर आणि खाली पास्टेर्झ ही देशातली सर्वांत लांब हिमनदी दिसते. १९६३ मध्ये हिमनदीपर्यंत उतरण्यासाठी इथे रुळांवरची गाडी बांधली गेली होती, पण बर्फ इतका मागे सरला आहे की तिचे खालचे स्थानक आज उघड्या खडकावर टांगल्यासारखे उरले आहे. खाली उतरणाऱ्या वाटेवर कोणत्या वर्षी बर्फाची कड कुठे होती ते सांगणाऱ्या पाट्या आहेत. एका पाटीकडून दुसऱ्या पाटीकडे चालत जावे आणि दोन वर्षांमधले अंतर पायांनी मोजावे. हवामानबदलाविषयी कितीही वाचले असले तरी ते चालणे वेगळे आहे.

नदीकाठ

अतिशय उपयुक्त धागा आहे. माझी अडचण अशी की मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे महिन्याशिवाय जाताच येत नाही. दोन मुले, वय दहा आणि सात, आम्ही दोघे, आणि शक्य झाल्यास सासूबाईही येतील. आपले म्हणणे पटले, पण मग आमच्यासारख्यांनी ऑस्ट्रियाला जाऊच नये का? गाडी भाड्याने घेण्याची आमची तयारी नाही.

डोंगरवाट

नदीकाठ, अवश्य जावे. बेत मात्र मे महिन्याला साजेल असा आखावा.

घाटरस्ता साधारणपणे मेच्या सुरुवातीला बर्फ कापून खुला केला जातो, आणि त्या वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा कितीतरी उंच अशा बर्फाच्या भिंती उभ्या असतात. हे दृश्य जुलैमध्ये मिळत नाही. मात्र त्या सुमारास तिथे सार्वजनिक बस सुरू झाली आहे का ते आधी पाहावे, नसेल तर एका दिवसासाठी चालकासह गाडी ठरवावी. वेर्फेनची हिमगुहा मे ते ऑक्टोबर या काळात खुली असते. एकूण ४२ किलोमीटरहून लांब असलेल्या या गुहेचा सुमारे पहिला किलोमीटरच दाखवतात, पण आत सातशे पायऱ्या चढाव्या लागतात आणि तापमान शून्याच्या आसपास असते. आपल्या दहा वर्षांच्या मुलाला ती फार आवडेल, सासूबाईंनी मात्र खालच्या गावात किंवा वेर्फेनच्या किल्ल्यावर थांबावे.

व्हिएन्नाहून ग्राट्सकडे जाणारी रेल्वे सेमरिंगच्या घाटातून जाते आणि हा प्रवास कोणत्याही महिन्यात करता येतो. कार्ल फोन घेगा या अभियंत्याने १८४८ ते १८५४ या काळात हा ४१ किलोमीटरचा मार्ग बांधला. आपल्या बोरघाटातून गाडी धावू लागली ती १८६३ मध्ये. इतक्या चढावर चालणारे वाफेचे इंजिन मार्गाचे काम सुरू झाले तेव्हा अस्तित्वातच नव्हते. मार्ग आधी आखला गेला आणि इंजिनासाठी पुढे खास स्पर्धा घेतली गेली. दुमजली कमानी, बोगदे आणि कड्याला बिलगून जाणारी वळणे यांमुळे १९९८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. सध्या डोंगराखालून सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या बोगद्याचे काम चालू आहे. ते पूर्ण झाल्यावर वेगवान गाड्या खालून जातील, म्हणून खिडकीतून हा घाट पाहायचा असेल तर आत्ताच पाहावा. गाडीतून जाण्यापुरते न थांबता सेमरिंग स्थानकावर उतरून रुळांच्या कडेने आखलेली पायवाट थोडी चालावी, कारण गाडीत बसलेल्याला स्वतःच्या खालची कमान दिसत नाही.

तळकाठ

मी काही काळापासून साल्झबुर्ग शहरात राहते. मूळ लेखातल्या एका मुद्द्याला पुस्ती जोडते. २०२५ च्या मे महिन्यापासून साल्झबुर्ग राज्यात मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांना त्यांच्या मुक्कामाच्या काळात राज्यातल्या सार्वजनिक वाहनांचा प्रवास विनातिकीट करता येतो. त्यासाठीची छोटी रक्कम मुक्कामाच्या शुल्कात धरलेली असते आणि पास राहण्याच्या ठिकाणाकडून मिळतो. झेल-आम-झे, वेर्फेन, क्रिम्ल आणि बाड गास्टाइन ही सर्व ठिकाणे याच राज्यात आहेत, त्यामुळे एकाच खोऱ्यात राहून फिरण्याचा सल्ला खिशालाही मानवतो. इन्सब्रुकमध्येही दोन किंवा अधिक रात्री राहणाऱ्यांना असेच पाहुण्यांचे कार्ड मिळते. हॉटेलने स्वतःहून दिले नाही तर मागून घ्यावे.

लांब पल्ल्याच्या गाड्यांची सवलतीची तिकिटे लवकर काढली तर खूपच स्वस्त पडतात, पण ती ठरलेल्या गाडीपुरतीच असतात. व्हिएन्ना ते साल्झबुर्ग या मार्गावर सरकारी रेल्वेखेरीज वेस्टबान ही खासगी कंपनीही गाड्या चालवते, दोन्हींचे दर पाहावेत. चार-पाच जणांचे कुटुंब असेल आणि घाई नसेल तर केवळ स्थानिक गाड्यांवर चालणारे सामूहिक दिवसाचे तिकीट पाहावे. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालते.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. साल्झबुर्गमध्ये जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत संगीत-नाट्य महोत्सव असतो. १९२० पासून चालत आलेला हा महोत्सव फार मोठा आहे आणि त्या काळात शहरात खोली मिळणे कठीण आणि महाग होते. संगीतासाठी येत असाल तर अवश्य या. केवळ मोझार्टचे जन्मघर आणि १०७७ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला पाहायचा असेल तर इतर कोणताही महिना बरा.

शिवारफेरी

हाल्श्टाटविषयी मूळ लेखात एक शब्दही नाही याचे आश्चर्य वाटले. सर्वांत प्रसिद्ध गाव तेच आहे. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो आणि गर्दी इतकी होती की तळ्याकाठच्या गल्लीतून धड चालताही येत नव्हते. ते टाळावे असे आपले मत आहे का?

डोंगरवाट

टाळावे असे मी म्हणणार नाही, पण दुपारचे दोन तास काढून जायचे असेल तर न गेलेले बरे. सुमारे साडेसातशे वस्तीचे ते गाव आहे आणि उन्हाळ्यातल्या एकेका दिवशी हजारो माणसे तिथे उतरतात. २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात त्याची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली, त्यानंतर ओघ आणखी वाढला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी रस्ता अडवून निदर्शने केली आणि सहलीच्या बसगाड्यांना आता आधी वेळ आरक्षित करूनच यावे लागते. त्या लोकांची बाजू मला पूर्णपणे न्याय्य वाटते. आपल्या अंगणात दिवसभर परकी माणसे छायाचित्रे काढत उभी राहिली तर कोणालाही तेच वाटेल.

तळकाठ

शिवारफेरी, मी यावर थोडे वेगळे मत मांडते. हाल्श्टाटचे महत्त्व तळ्याच्या चित्रात नाही, ते वरच्या डोंगरात आहे. तिथल्या मिठाच्या खाणीत तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी काम चालत होते. खाणीत सापडलेल्या लाकडी जिन्याचे लाकूड इसवीसनापूर्वी १३४४ मध्ये तोडलेले होते, हे झाडाच्या कड्यांवरून ठरवता आले आहे. इतका जुना आणि इतका शाबूत लाकडी जिना युरोपात दुसरा नाही. मिठाने लाकूड, कातड्याच्या पाठपिशव्या, कापडाचे तुकडे, एवढेच काय १७३४ मध्ये एका माणसाचे अख्खे शरीर जपून ठेवलेले सापडले. एकोणिसाव्या शतकात योहान गेओर्ग रामझाउअर या खाणीच्या अधिकाऱ्याने डोंगरातल्या दफनभूमीतली सुमारे हजार थडगी उकरून प्रत्येकाची काळजीपूर्वक नोंद ठेवली. त्या नोंदींमुळेच युरोपातल्या लोहयुगाच्या पहिल्या कालखंडाला या लहानशा गावाचे नाव मिळाले. थडग्यांतल्या वस्तू व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहेत. आधी त्या पाहाव्यात आणि मग इथे यावे, म्हणजे गाव समजते.

येताना रेल्वेनेच यावे. स्थानक तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे आणि गाडीच्या वेळेला जोडलेली छोटी होडी प्रवाशांना गावात आणते. मुक्काम शेजारच्या ओबर्ट्राउन किंवा गोझाउमध्ये केला तर खर्च कमी येतो आणि हाल्श्टाटला सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जाता येते. खाणीकडे जाणारी रुळांची गाडी चालू आहे ना, हे मात्र येण्याआधी तपासावे.

कढीपत्ता

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, घरातले दोघे अंडेही खात नाहीत. डोंगरातल्या गावांत आमचे कसे होईल? सोबत किती शिधा न्यावा?

आडवळण

मी व्हिएन्नात राहते, त्यामुळे याचे उत्तर मी देते. व्हिएन्नात काहीच अडचण येत नाही. डोंगरात अंडे खाणाऱ्या शाकाहारी माणसाचे चांगले भागते. कांदा परतून घातलेल्या चीजच्या शेवया मिळतात, साखर भुरभुरवलेला जाडसर कुस्करलेला घावन प्लमच्या मुरंब्यासोबत देतात, आणि खसखस व पातळ लोणी ओतलेला, पोटात प्लमचे सारण असलेला वाफवलेला मोठा गोळा तर एका माणसाला संपत नाही. मात्र या तिन्हींच्या पिठात बहुधा अंडे असते.

खरी फसगत होते ती सूप आणि बटाट्याच्या कोशिंबिरीत. सूपमध्ये दिसायला फक्त घावनाच्या पट्ट्या किंवा चीजचा वडा असतो, पण पाणी गोमांसाच्या अर्काचे असते. बटाट्याची कोशिंबीरही ऑस्ट्रियन पद्धतीत अनेकदा त्याच अर्कात भिजवलेली असते. नुसते ‘मांस नको’ असे सांगून भागत नाही, कारण वाढणाऱ्याच्या लेखी त्यात मांसाचा तुकडा नसतोच. ‘अर्क भाजीचा आहे की मांसाचा’ असा थेट प्रश्न विचारावा. उत्तर प्रामाणिक मिळते, असा माझा अनुभव आहे.

अंडे न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर घ्यावे. तांदूळ, मसूर, भाज्या, दही सर्व काही दुकानांत मिळते. घरून फक्त मसाले, पोहे आणि हवी असेल तर तूरडाळ आणावी. रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकाने बंद असतात, मोठ्या रेल्वेस्थानकांतलीच काय ती उघडी असतात, म्हणून शनिवारी दुपारपर्यंत बाजार करून ठेवावा. २०२५ पासून पेयांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर आणि धातूच्या डब्यांवर पंचवीस सेंटची अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की ती परत मिळते.

बाटलीबंद पाणी घेण्याचे तर कारणच नाही. व्हिएन्नाच्या नळाला येणारे पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचे आहे. पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली आणि दुसरी, होखश्वाबच्या डोंगरातून येणारी सुमारे १८० किलोमीटर लांबीची, १९१० मध्ये. दोन्हींचे पाणी केवळ उताराने शहरापर्यंत येते, वाटेत कुठेही पंप लावावा लागत नाही. पटकी आणि विषमज्वराने गांजलेल्या शहराने दूरदृष्टीने केलेले हे काम आहे आणि त्या डोंगरांतल्या वनांची राखण आजही शहर स्वतः करते. रस्त्यावरच्या पाणपोईतून बाटली भरताना मला या गोष्टीचा नेहमी अभिमान वाटतो, जरी हे शहर माझे जन्मगाव नाही.

कातळधार

सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्यांसाठी थोडे लिहितो, कारण वरच्या चर्चेत पायी फिरण्याचा विषय राहून गेला आहे. ऑस्ट्रियाचा आल्पाइन क्लब १८६२ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या डोंगरातल्या विश्रांतीघरांचे जाळे इतके दाट आहे की तंबू न नेता एका घरातून दुसऱ्या घरापर्यंत कित्येक दिवस चालत राहता येते. ही घरे साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरपर्यंत उघडी असतात. क्लबचे सदस्यत्व परदेशी माणसालाही घेता येते. त्यामुळे मुक्कामाच्या दरात सवलत मिळते आणि डोंगरातून सुटका करण्याच्या खर्चाचा विमाही मिळतो. हा विमा हलक्यात घेऊ नये. फिरायला गेलेल्या माणसाला हेलिकॉप्टरने आणावे लागले तर त्याचे बिल तिथे त्यालाच भरावे लागते.

घरात शिरताना बूट दारालगतच्या खोलीत काढून फळीवर ठेवायचे, काठ्या तिथेच टांगायच्या आणि आतल्या सपाता घालायच्या. झोपण्याची जागा म्हणजे लांबच लांब फळीवर शेजारी शेजारी टाकलेल्या गाद्या. त्यावर अंथरायला स्वतःची पातळ शिवलेली चादर सोबत असलीच पाहिजे. जेवणाच्या खोलीत एक वही असते. तिच्यात आपले नाव, कुठून आलो आणि उद्या कुठे निघणार हे लिहायचे असते. ही औपचारिकता समजून सोडून देऊ नये, कारण माणूस हरवला तर शोधपथक ती वही पाहते. रात्री दहाला दिवे मालवतात. पैसे रोख ठेवावेत, कारण कार्डाचे यंत्र प्रत्येक ठिकाणी चालेलच असे नाही.

वाटा पिवळ्या पाट्यांनी दाखवलेल्या असतात आणि त्यांवर बहुधा किलोमीटरऐवजी तास लिहिलेले असतात. तांबडा ठिपका मध्यम अवघड आणि काळा ठिपका अवघड वाट दाखवतो. काळ्या वाटेवर तारेचा आधार घेऊन चढण्याची वेळ येऊ शकते. पहाटे निघून दुपारी दोनच्या आत मुक्कामी पोहोचावे म्हणजे वीज-पावसाच्या वेळी माणूस कड्यावर नसतो. संकटात १४० हा पर्वतीय मदतीचा क्रमांक आहे आणि ११२ सर्वत्र चालतो. कुरणातून वाट जात असेल तर वासरे असलेल्या गाईंपासून लांबून जावे, वासराला हात लावू नये, आणि सोबत कुत्रा असेल तर अधिकच जपावे. २०१४ मध्ये तिरोलमध्ये कुत्र्यासह चाललेली एक पर्यटक महिला गाईंच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली होती. गाय म्हटली की आपण सवयीने निर्धास्तपणे जवळ जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

नदीकाठ

सर्वांचे आभार. सासूबाई येणार हे नक्की झाले आहे. त्यांचे वय बहात्तर, गुडघे दुखतात आणि रक्तदाब आहे. उंचीचा त्रास होईल का? आणि व्हिसासाठी कधी अर्ज करावा?

आडवळण

लडाखसारखी उंची इथे नाही. रोपवेची बहुतेक वरची स्थानके २,००० ते २,५०० मीटरच्या आसपास असतात आणि तिथे तास-दोन तास थांबण्याने सहसा त्रास होत नाही. किट्झश्टाइनहॉर्नसारख्या ३,००० मीटरच्या ठिकाणी मात्र काही मिनिटांत चढ होतो, त्यामुळे जाण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सब्रुकची नॉर्डकेटे ही डोंगररांग त्यांच्यासाठी विशेष सोयीची आहे, कारण वर नेणारी गाडी शहराच्या मध्यातूनच निघते. खालच्या टप्प्याची, वास्तुविशारद झाहा हदीद यांनी आखलेली स्थानके २००७ मध्ये बांधली गेली. मेमध्ये देखभालीच्या तारखा मात्र आधी पाहाव्यात. तळ्यांवरच्या बोटींतून फिरणेही त्यांना आवडेल, पायऱ्या कमी आणि बसून सर्व काही दिसते. राहण्याचे घर निवडताना लिफ्ट आहे का ते लेखी विचारून घ्यावे, डोंगराळ गावांतल्या अनेक जुन्या घरांना ती नसते.

व्हिसा शेंगेनचा लागतो. ज्या देशात अधिक रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि रात्री सारख्या असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार तिथे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. मेमध्ये जायचे तर जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ आरक्षित करावी, कारण पुढे केंद्रांत जागा मिळत नाही. प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. सासूबाईंचा विमा घेताना आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत की नाहीत हे नीट वाचावे.

शिवारफेरी

आणि दिवाळीच्या सुट्टीचे काय? मूळ लेखात तो काळही अडनिडा म्हटला आहे. मुलांना बर्फ दाखवायचा असेल तर नोव्हेंबरमध्ये काहीच मार्ग नाही का?

डोंगरवाट

दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर काम सोपे होते. त्या वेळी लार्च वृक्षांची पाने सोनेरी पिवळी झालेली असतात, ग्रोसग्लॉकनरचा रस्ता हवामान बरे असेल तर अजून खुला असतो आणि काही रोपवेही महिनाअखेरपर्यंत चालतात. नोव्हेंबरमध्ये आली तर पहिल्या पंधरवड्यात व्हिएन्ना, ग्राट्स, साल्झबुर्ग ही शहरे पाहावीत. नाताळचे बाजार साधारण महिन्याच्या मध्यानंतर भरू लागतात.

बर्फासाठी तिरोलमधले हिंटरटुक्स हे खात्रीचे ठिकाण आहे. तिथल्या हिमनदीवर वर्षभर स्कीइंग चालते आणि रोपवे सुमारे ३,२५० मीटरपर्यंत नेतात, म्हणून नोव्हेंबरप्रमाणेच मे महिन्यातही ते उपयोगी पडते. हिमनदीच्या पोटातल्या बर्फाच्या गुहेत वाटाड्यासोबत उतरता येते. इन्सब्रुककडून येताना येनबाखला उतरावे, तिथून त्सिलरताल खोऱ्यातली अरुंद रुळांची गाडी मायरहोफेनपर्यंत जाते आणि पुढे बस मिळते. मुलांसाठी जलरोधक हातमोजे, बूट आणि काळा चष्मा घ्यावा. कपडे आणि बूट तिथेही भाड्याने मिळतात. वारा जोराचा असेल तर वरचा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे मायरहोफेन किंवा टुक्सला किमान दोन रात्री राहावे आणि तिकीट सकाळी वरच्या कॅमेऱ्याचे चित्र पाहूनच काढावे.